बाहेरचा ध्वनी आत घेताना



संगणक ध्वनी कसा काढतो याविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याच्या ध्वनिचिपने बाहेरचा ध्वनी स्वीकारावा कसा, याविषयी फारसे बोलले जात नाही. आज हा दुर्लक्षित भाग मी मुद्दाम निवडला आहे. उदाहरणादाखल एकच चिप घेऊ. अमेरिकेत बॉब यानेस यांनी १९८१ मध्ये आराखडा केलेली ६५८१ ही चिप 'सिड' या नावाने ओळखली जाते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकात ती बसविलेली होती.

या चिपमध्ये दोन स्वभाव एकत्र नांदतात. तिचे तीन स्वर अंकीय पद्धतीने निर्माण होतात. परंतु त्यांना वळण देणारी गाळणी सदृश आहे. म्हणजे गाळणीतून आकडे वाहत नाहीत, सतत बदलणारा विद्युत्‌दाब वाहतो. म्हणूनच मनुष्याचा आवाज किंवा गिटारचा झंकारही त्याच गाळणीतून नेता येतो. त्यासाठी चिपच्या अठ्ठावीस पायांपैकी सव्विसावा पाय राखून ठेवला आहे. तार थेट त्या पायाला जोडली की झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे करू नये. का, ते पाहू.

ध्वनीचा विद्युत्‌तरंग शून्याच्या वर आणि खाली सारखाच झुलतो. चिपला मात्र १२ व्होल्टचा पुरवठा असतो आणि सव्विसाव्या पायावरील संकेत ६ व्होल्टच्या स्थिर पातळीवर असावा, असे तिचे माहितीपत्रक सांगते. थेट जोडलेला उगम ही पातळी शून्याकडे ओढतो आणि आवाज विकृत होतो. यावर उपाय म्हणजे मध्ये एक धारित्र, अर्थात कपॅसिटर, घालणे. ते स्थिर दाब अडविते आणि बदलता दाब जाऊ देते. ते केवढे असावे? आदानाचा संरोध सुमारे १०० किलोओहम आहे. ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले, तर सुमारे १५९ हर्ट्‌झच्या खालचे खर्जाचे स्वर क्षीण होतील. १ मायक्रोफॅरड घेतल्यास ही मर्यादा १.६ हर्ट्‌झपर्यंत उतरते आणि कानाला काहीच उणे भासत नाही. म्हणून माहितीपत्रकात १ ते १० मायक्रोफॅरड असे मूल्य दिले आहे. विद्युत्‌-अपघटनी धारित्र वापरल्यास त्याचे धन टोक चिपकडे ठेवावे. सहा व्होल्ट त्याच बाजूला आहेत.

दुसरा प्रश्न संकेताच्या आकाराचा. शिखरापासून दरीपर्यंत तो ३ व्होल्टपेक्षा अधिक नसावा. मापकावर १ व्होल्ट दाखविणारा शुद्ध तरंग शिखरापासून दरीपर्यंत २.८३ व्होल्ट भरतो, म्हणजे जेमतेम मर्यादेत राहतो. २ व्होल्ट देणाऱ्या उपकरणाचा तरंग मात्र ५.६६ व्होल्टचा होतो. अशा वेळी धारित्राच्या आधी १० किलोओहमचे दोन रोधक मालेत जोडून त्यांच्या सांध्यावरून निम्मा दाब घ्यावा. गिटारची अडचण उलट आहे. तिचा संकेत दुर्बल असतो आणि १०० किलोओहमचा भारही तिला जड होऊन तार सप्तकातील तेज मावळते. तिच्यासाठी सुमारे १ मेगओहम संरोधाचा एक लहान प्रवर्धक आधी बसवावा लागतो.

तिसरा धोका जोडणी करण्याच्या क्षणाचा आहे. मोकळे टोक अधांतरी राहिले, तर धारित्राच्या बाहेरच्या पट्टीवर नको तो दाब साचतो आणि खुंटी खोचताच त्याचा धक्का चिपला बसतो. त्या बाजूपासून जमिनीपर्यंत १०० किलोओहमचा रोधक लावला, तर ती पट्टी शून्यावर राहते. वर सांगितलेला दाब-विभाजक असल्यास त्याचा खालचा रोधकच हे काम करतो. धारित्र आणि चिप यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोधक घालावा. चिपच्या पायापासून पुरवठ्याकडे व जमिनीकडे एकेक डायोड उलट्या दिशेने जोडावा, म्हणजे अतिरिक्त दाबाला वाट मिळते.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. चार-सहा भागांचे हे मंडल. ते चुकले तर दुसरी चिप लावू! परंतु दुसरी चिप आता तयार होत नाही. कमोडोर ६४ चे उत्पादन १९९४ मध्ये थांबले. हल्ली प्रतिकृती मिळतात, पण मूळ चिपमधील सदृश गाळणी एकीची दुसरीसारखी नसते. प्रत्येकीचा आवाज किंचित निराळा. एक चिप जळाली, की तो आवाज पुन्हा ऐकू येत नाही.

म्हणून शेवटी एकच विनंती. मंडल तयार झाल्यावर प्रथम चिपच्या जागी १०० किलोओहमचा रोधक लावा, संकेत सोडा आणि दोलनदर्शकावर त्याचा आकार मोजा. तो ३ व्होल्टच्या आत आहे याची खात्री पटली, म्हणजेच चिप बसवा. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. ती वाचविण्यासाठी एखादी चिप गमावणे हा सौदा महागाचा आहे.