पायांतले बळ आणि मांडीचे माप



गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून मी हमालांच्या भविष्यनिर्वाह निधीवर बोललो, तेव्हा मागच्या खुर्च्या फार लवकर रिकाम्या झाल्या. यंदा चालक म्हणाले, "पन्नाशी उलटल्यावर तुम्ही वजने उचलावयास लागलात असे ऐकतो, त्यावर बोला." माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि नगरवाचनालयातले. तेव्हा शरीरशास्त्राचा अधिकार मला नाही. जे वाचले आणि स्वतःच्या पायांवर करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

मी बारा वर्षे मार्केट यार्डात पोती वाहिली. त्या काळी पोते क्विंटलचे असे. एकावन्नाव्या वर्षी माझा उजवा गुडघा धरला. जिना चढताना कठड्याला हात लागू लागला आणि सतरंजीवरून उठताना शेजाऱ्याचा खांदा. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मांडीचे आणि नितंबाचे स्नायू अशक्त झाले आहेत. मला राग आला. शंभर किलो वाहणाऱ्या माणसाचे पाय अशक्त? पण घरी येऊन विचार केला. पोते आम्ही जमिनीवरून उचलतच नव्हतो. दोघे जण ते पाठीवर देत, आणि आम्ही अर्धवट वाकल्या गुडघ्यांनी फळीवरून तुरुतुरु चालत थप्पीपर्यंत जात असू. दिवसाला शेकडो खेपा, दमलेल्या अंगाने. शिवाय पोती सोडून मला पंचवीस वर्षे झाली होती. ती सगळी खुर्चीवर आणि सभांत गेली.

मग एका व्यायामशाळेत गेलो. तिथल्या वस्तादांनी मला डेडलिफ्ट शिकवली. जमिनीवरचा वजनाचा बार दोन्ही हातांनी धरून सरळ उभे राहावयाचे आणि तो पुन्हा खाली ठेवावयाचा, एवढेच. मी त्यांना पहिलीच अट घातली की मला अंग फुगवावयाचे नाही. यात साधेपणा कमी, हिशेब जास्त होता. वाढलेले मांस पोसावे लागते, आणि दुखऱ्या गुडघ्यावरून ते जिन्याने वरही न्यावे लागते. आपल्यापैकी पुष्कळांना, विशेषतः भगिनींना, वजन उचलले की मांड्या जाड होतात ही भीती असते. ताकद आणि आकार यांचा संबंध आहेच. पण आपण समजतो तितका तो घट्ट नाही.

लामार गँट या अमेरिकन खेळाडूने १९८५ साली सुमारे ३०० किलोची डेडलिफ्ट केली. तेव्हा त्याचे स्वतःचे वजन होते ६० किलो, आणि त्याच्या पाठीचा कणा वाकडा होता. आपली मीराबाई चानू टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ४९ किलोच्या गटात खेळली आणि तिने ११५ किलो डोक्यावर नेले. गटात राहावयाचे तर वजन वाढवता येत नाही, बळ मात्र वाढवावेच लागते. त्यांच्यासारखे आपण होणार नाही. पण वाट तीच आहे.

हे कसे घडते ते मी माझ्या धंद्यातल्या दाखल्याने सांगतो. युनियनच्या हजेरीपुस्तकात पाचशे नावे असतात. मोर्चाला दोनशे येतात. मोर्चा मोठा करावयाचा तर नवे सभासद नोंदवा, किंवा आहेत त्या पाचशेंना बाहेर काढा. स्नायूचे असेच आहे. त्यातले तंतू गटागटांनी एकेका मज्जापेशीच्या ताब्यात असतात. हलक्या कामाला लहान गट येतात; सर्वांत मोठे गट ओझे खरोखर जड झाले, किंवा लहान गट दमले, तरच हाकेला येतात. सवय नसलेल्या माणसाला हे सगळे एकदम बोलावताच येत नाही. सरावाने ते जमते, आणि आड येणारे उलट बाजूचे स्नायूही सैल सुटतात. मोरितानी आणि डी-व्हरीज या संशोधकांनी १९७९ साली दाखवले की व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः या मज्जांच्या शिक्षणाची असते; स्नायूची जाडी मागाहून येते.

आमच्या तालमीतल्या शेकडो बैठका वाईट नाहीत; पण त्या दम वाढवतात. दमेपर्यंत, पुन्हा पुन्हा काम आणि वर भरपूर खाणे, ही आकार वाढवण्याची रीत. बळ हवे असेल तर जड वजन, थोड्या खेपा, भरपूर विसावा. समजा, एखाद्याला एकदाच जेमतेम १०० किलो उचलतात. त्याने ८५ किलो घ्यावे, तीन वेळा उचलावे, तीन-चार मिनिटे बसून राहावे, आणि असे चार वेळा करावे. झाल्या बारा खेपा. आणखी एक-दोन उचलता येतील असे वाटत असतानाच थांबावे. आठवड्यातून दोन दिवस पुरे. जेवण नेहमीचे. पहिला महिना मात्र हलक्या बारावर नुसती रीत शिकण्यात घालवावा. तीन-चार मिनिटे बसणे मला सर्वांत अवघड गेले. मुकादम ओरडेल असे वाटत राही.

मी ४० किलोंपासून सुरुवात केली. दीड वर्षाने ११० झाले. माझा शिंपी जुना आहे. त्याच्या वहीत मांडीचे माप अर्ध्या इंचाने वाढले, वजन एका किलोने. म्हणजे काहीच वाढले नाही असे नाही. नवख्याचे थोडे वाढतेच, आणि माझ्या वयाला ते हवेही होते. जिन्याचा कठडा आता मी धरत नाही.

यार्डातली पोरे मला विचारतात, "दादा, आम्ही दिवसभर उचलतो, मग आमचे काय?" त्यांना मी सांगतो की तुम्हाला विसावा नाही आणि वजन ठरवणारे तुम्ही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली की एका पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंपेक्षा जास्त असेल तर ते तितके खाली आणावे. आपला माथाडी कायदा १९६९ चा. या दोन्ही वर्षांनंतर कितीतरी काळाने मी क्विंटलचे पोते पाठीवर घेतले. व्यायामशाळेतला बार मी नको म्हटले की खाली ठेवता येतो. विषयांतर झाले, माफ करा.

रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाराला हात लावू नये. जड उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब बराच चढतो. बाकीच्यांनी एवढे पाहावे: बार पावलाच्या मध्यावर आणि नडगीजवळ, पाठ सपाट, कंबर मागे. बार हातांनी ओढावयाचा नाही, पायांनी जमीन खाली ढकलावयाची. मोठ्या प्लेटी ४५ सेंटिमीटर व्यासाच्या असतात, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. तितके वाकता येत नसेल तर प्लेटींखाली लाकडी ठोकळे द्यावेत, त्यात कमीपणा नाही.

बार आणि प्लेटी मी इथे आणल्या नाहीत; त्या वर चढवावयास दोन हमाल लागले असते आणि मजुरी चालकांना पडली असती. एक काठी आणली आहे. ज्यांना रीत पाहावयाची असेल त्यांनी आभारप्रदर्शनानंतर पुढे यावे, चपला काढून.