तापीकाठाहून तापीकाठी : सुरात थानीच्या सहलीचे नियोजन

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही आठ कुटुंबांतील सोळा माणसे २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला जाऊन आलो, हे आपणांस ठाऊक आहे. त्यावर मागे टीकाही झाली, तीही आमच्या कानावर आली आहे. विहाराचा स्लॅब अर्धवट असताना हे लोक विमानाने फिरतात, असे म्हटले गेले. त्याचे उत्तर देण्यास आम्ही येथे उभे नाही. दरमहा दोन हजारांची भिशी चार वर्षे चालवून हा पैसा जमला होता, आणि बँकेची एल. एफ. सी. परदेशप्रवासाला चालत नाही, एवढेच नमूद करतो. पुढच्या मंडळींनी जाताना आमच्यासारख्या चुका करू नयेत, म्हणून अध्यक्षांनी बोलावयास सांगितले आहे.

बँकॉक-पट्टाया सोडून सुरात थानी हा दक्षिणेकडील प्रांतच का, असे पुष्कळांनी विचारले. कारण नावात आहे. १९१५ साली थायलंडचे राजे वजिरावुध, म्हणजे सहावे राम, यांनी या शहराला ‘सुरात थानी’ हे नाव दिले. ‘सु’ आणि ‘राष्ट्र’ यांवरून सुरात, आणि आपल्या ‘राजधानी’तील ‘धानी’ ती थानी. सज्जन लोकांचे नगर असा तिकडे अर्थ लावतात. आपल्या गुजरातचे सुरत त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि सुरत तापीच्या मुखाशी आहे म्हणून त्यांनी तेथल्या नदीचेही नाव तापी ठेवले. आम्ही भुसावळची माणसे. आपल्या नदीच्या नावाची दुसरी नदी समुद्रापलीकडे वाहते, हे वाचल्यावर आमच्या आत्याबाईंनी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पहिले नाव दिले. त्यांनी नाव दिल्यावर बाकीच्यांना मागे हटता येईना.

आता पहिली चूक. आम्ही सुट्टी पाहिली, वारा पाहिला नाही. त्याच नोव्हेंबरात थायलंड सरकारने भारतीयांसाठी व्हिसाची अट काही महिन्यांपुरती काढली, आणि आम्हाला ते जणू घरचे आमंत्रण वाटले. पाऊस म्हटला की जून ते सप्टेंबर, दिवाळीला आकाश निरभ्र, हे आपल्या अंगात मुरलेले गणित. परंतु सुरात थानी थायलंडच्या आखातावर, पूर्वेकडे तोंड करून आहे. ज्या ईशान्य मोसमी वाऱ्यांनी तामिळनाडूत पाऊस पडतो, तेच वारे आखातावरचे बाष्प घेऊन या किनाऱ्यावर आदळतात. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, आणि नोव्हेंबर त्यातला सर्वांत वाईट. आमच्या एजंटने हे सांगितले नाही. अर्थात आम्हीही विचारले नव्हते.

बेटांचा कार्यक्रम पहिल्या तीन दिवसांत ठेवला होता. तरुण मंडळींचा तसा आग्रह होता. कोह सामुई हे मोठे बेट. ‘कोह’ म्हणजे बेट. त्याच्या पश्चिमेला आंग थोंग नावाचे बेचाळीस बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८० पासून आहे. चुनखडीचे उभे कडे, आणि एका बेटाच्या पोटात पाचूसारख्या हिरव्या खाऱ्या पाण्याचे तळे, अशी छायाचित्रे पाहून मुलांनी वर्षभर घर डोक्यावर घेतले होते. डोनसाक बंदरावर पोहोचलो तेव्हा समजले की उद्यान दरवर्षी नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बंदच असते. सामुईची बोट एरवी दीड तासात नेते, तीही त्या दिवशी लाटांमुळे सुटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोळा माणसे, बावीस बॅगा, वरून मुसळधार पाऊस. एकमेकांना काय काय बोललो ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही.

कार्यक्रमात चैयासाठी शेवटच्या दिवशी अर्धा दिवस ठेवला होता. आता दोन दिवस मोकळे पडले, तेव्हा नाइलाजाने तिकडे वळलो. सहलीतले सर्वोत्तम दिवस तेच ठरले. म्हणून हात जोडून सांगतो, पुढच्यांनी चैया आधी ठेवावे आणि बेटे शेवटी.

बँकॉकहून रात्रीची गाडी घ्यावी. सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा प्रवास आहे. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या २०२३ च्या जानेवारीपासून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. जुन्या पुस्तकांतले स्थानक पाहून जाऊ नये. गाडी मीटर गेजवरची. भुसावळच्या माणसाला ते लगेच कळते, आमच्यातील निवृत्त रेल्वे गार्ड रात्रभर खिडकीशी बसून होते. सुरात थानीचे स्टेशन शहरात नाही, दहा-बारा किलोमीटरवर फुनफिन येथे आहे. चैयाला मात्र स्वतःचे स्टेशन आहे, आणि ते फुनफिनच्या आधी येते. तेथेच उतरावे. आम्ही पुढे जाऊन मागे आलो.

चैया आज लहान गाव आहे. खारवलेल्या बदकाच्या अंड्यांसाठी ते थायलंडभर प्रसिद्ध. परंतु आठव्या-नवव्या शतकात हे श्रीविजय साम्राज्याच्या प्रभावाखालील महत्त्वाचे ठिकाण होते, आणि ‘चैया’ हे नाव ‘श्रीविजय’चाच शेष आहे असे काही अभ्यासक मानतात. वाट फ्रा बोरोम्माथात हा तेथील जुना स्तूप. (‘वाट’ म्हणजे तिकडे विहार. आत्याबाई म्हणाल्या, आपल्याकडेही वाट विहाराकडेच जाते.) स्तूपाची घडण जावा बेटावरच्या मंदिरांसारखी, मजल्यामजल्यांची, चारी बाजूंना लहान शिखरे. दक्षिण थायलंडातच सापडलेला एक संस्कृत शिलालेख शके ६९७ चा, म्हणजे इ. स. ७७५ चा आहे. श्रीविजयाच्या राजाने पद्मपाणी, बुद्ध आणि वज्रपाणी यांच्यासाठी विटांची मंदिरे बांधल्याचा त्यात उल्लेख आहे. शके हा शब्द तिथे भेटला तेव्हा घरचे कोणी भेटल्यासारखे झाले.

चैयाला सापडलेली ब्राँझची पद्मपाणी बोधिसत्त्वाची मूर्ती बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कमरेखालचा भाग गेलेला, तरी चेहरा असा की पाहणारा बोलायचे थांबतो. अजिंठा तर आमच्या अंगणात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आम्ही शाळेच्या सहलीपासून पाहत आलो. तीच मान, तीच खाली वळलेली नजर. परंतु ही मूर्ती आम्ही पाहिली ती परतताना, धावतपळत, बंद व्हायच्या आधी चाळीस मिनिटे. थायलंडमधील बहुतेक राष्ट्रीय संग्रहालये सोमवारी व मंगळवारी बंद असतात आणि आम्ही बँकॉकला उतरलो होतो सोमवारी. अजिंठा सोमवारी बंद असतो, हे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बजावणारी माणसे आम्ही!

चैयापासून चार-पाच किलोमीटरवर सुआन मोक्ख आहे. ‘मोक्ख’ म्हणजे मोक्ष; मुक्तीचे उपवन. भिक्खू बुद्धदास यांनी १९३२ साली आपल्या जन्मगावाजवळ त्याची सुरुवात केली, पुढे ते सध्याच्या रानात हलविले. त्यांचा जन्म १९०६ चा, निधन १९९३ चे. होऊ घातलेल्या न्यायाधीशांपुढे त्यांनी १९५६ साली जी व्याख्याने दिली, त्यांतून त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक तयार झाले. १९५६ हे वर्ष आपणांस सांगावयास नको. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपले वाडवडील उभे होते, त्याच वर्षी तिकडे एक भिक्खू न्यायाधीशांना सांगत होता की धर्म म्हणजे कर्मकांड नव्हे, वस्तू जशी आहे तशी पाहणे होय. दोघांचे मार्ग वेगळे. तरी आम्ही त्या रानात उभे राहिलो तेव्हा बाबासाहेबांची आठवण आल्यावाचून राहिली नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. तिकडच्या धम्माने आमच्यातील काहींना धक्का बसला होता. प्रत्येक दुकानापुढे भूतात्म्यांसाठी खांबावरचे लहान घर, त्यापुढे लाल सरबताची बाटली. गळ्यात ताईत. ताईतांचा मोठा बाजार. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तर बावीस प्रतिज्ञांचे पुस्तकच बाहेर काढले आणि ‘हा कसला बौद्ध देश’ म्हणून रस्त्यातच वाद सुरू केला. सुआन मोक्खला आल्यावर त्याला कळले की हाच वाद बुद्धदासांनी आपल्याच लोकांशी साठ वर्षे घातला, आणि तोही न ओरडता.

तेथे भव्य मंदिर नाही. टेकडीवर उपोसथाची जागा आहे, परंतु तिला भिंती नाहीत, छत नाही. झाडे हेच खांब, बसायला जमीन. पावसाने ओली झालेली, तरी आम्ही बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमचे कोषाध्यक्ष हळूच म्हणाले, “स्लॅबचे अंदाजपत्रक पुन्हा पाहावे लागेल.” हसू आवरेना. खाली एक इमारत आहे, चित्रांची. तिच्या बाहेरच्या भिंतींवर सांची, भारहुत, अमरावती येथील शिल्पांच्या प्रतिकृती आहेत. बुद्धचरित्र आहे, पण त्यात बुद्धाची आकृती नाही. रिकामे आसन, चक्र, बोधिवृक्ष. कार्ले-भाजे येथील मूळ लेण्यांतही मूर्ती नाही, स्तूपच आहे, हे आपण पाहतो आणि पुढे जातो. आत्याबाई मात्र त्या रिकाम्या आसनापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. काय पाहता, म्हणून विचारले. “जागा ठेवलीय,” एवढेच म्हणाल्या.

रस्त्यापलीकडील केंद्रात परदेशी साधकांसाठी महिन्याच्या पहिल्या तारखेपासून दहा दिवसांचे मौनशिबिर घेण्याची प्रथा आहे. उशीला लाकडाचा ठोकळा! तरुणांनी जरूर विचार करावा, मात्र निघण्यापूर्वी चौकशी करावी.

सुरात थानीच्या पश्चिमेला खाओ सोक हे ७३९ चौरस किलोमीटरचे वर्षावन आहे. जवळच रत्चप्रपा, म्हणजे आपल्या भाषेत राज्यप्रभा, हे १९८७ मध्ये पूर्ण झालेले ९४ मीटर उंचीचे धरण. त्याच्या जलाशयातून बोटीने हिंडताना पाण्यातून वर आलेले चुनखडीचे सुळके दिसतात आणि माणूस मान वर करूनच बसतो. आमच्यातील एक काका मात्र खाली पाण्याकडे पाहत होते. त्यांचे जुने गाव हतनूरच्या पाण्यात गेलेले. नावाड्याने खुणेने सांगितले की येथे खाली वस्ती होती. शेकडो कुटुंबे हलविली. काकांनी विचारले, त्यांना जमीन मिळाली का? नावाड्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. हा प्रश्न तसाच राहिला. पाणी चढू लागले तेव्हा सुएब नाखासथिअन या वनाधिकाऱ्याने अडकलेले हजारावर प्राणी बोटींतून बाहेर काढले, तरी त्यांतले पुष्कळ जगले नाहीत. पुढे जंगलांसाठी झगडताना, १ सप्टेंबर १९९० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. या जलाशयाची छायाचित्रे पाहून जाणाऱ्यांनी एवढे ठाऊक असू द्यावे.

शेवटी सामुईला एक दिवस मिळाला. १९७२ मधील बारा मीटरची बुद्धमूर्ती पाहिली. १९७३ मध्ये निधन पावलेल्या एका भिक्खूंचा देह काचेच्या पेटीत, काळा चष्मा लावून बसविला आहे, तोही पाहिला. आमच्यात त्यावर अजून एकमत नाही. शेजारच्या कोह फांगान बेटावर दर पौर्णिमेला किनाऱ्यावर रात्रभर नाचगाणे चालते. पौर्णिमा म्हणताच कोणी उपोसथ समजून मुलाबाळांसह जाऊ नये. बौद्ध सणाची पौर्णिमा आली तर मात्र ते लोक तो कार्यक्रम एक दिवस पुढेमागे करतात.

तर पुढची मंडळी कधी निघणार? मे महिना सोयीचा आहे. आपल्या मुलांना सुट्टी, आणि आखाताकडे पाऊस बेताचा. खाओ सोकला मात्र छत्री लागेल. वैशाख पौर्णिमा तिकडे साधण्याची इच्छा असेल तर त्यांचे पंचांग पाहावे. अधिक महिन्याचा हिशेब निराळा असल्याने २०२३ मध्ये आपली बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी झाली, त्यांची ३ जून रोजी. दुसरा पर्याय वर्षावास संपतानाचा. बहुधा आश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरात थानीला ‘चाक फ्रा’ हा उत्सव असतो, बुद्धमूर्ती सजविलेल्या नावांतून तापी नदीवर मिरविल्या जातात. थोडा पाऊस लागेल, पण दिवाळीइतका नाही. आमचे मत या दुसऱ्या पर्यायाला आहे. वृद्धांसाठी टेकडी-पायऱ्या सकाळी ठेवाव्यात, एका दिवसात एकच ठिकाण घ्यावे. विहारात खांदे-गुडघे झाकलेले असावेत, मूर्तीकडे पाय करून बसू नये, भगिनींनी भिक्खूंच्या हातात वस्तू थेट देऊ नये. घरातून चटणी न्यावी. तिकडे भाजीतही माशाचा रस असतो, ज्यांना चालतो त्यांची चैन आहे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे तापीच्या घाटावर गेलो. पाऊस थांबला होता. नदी काठोकाठ भरून, गढूळ, जलपर्णीचे पुंजके घेऊन चालली होती. आत्याबाई कठड्याला धरून म्हणाल्या, “अरे, हिला तर पाणी आहे!” आपल्या तापीचे उन्हाळ्यातले पात्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यावर अधिक सांगावयास नको.

चाक फ्राच्या सहलीसाठी आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. नवी भिशी येत्या पौर्णिमेपासून सुरू होत आहे. यादीत पहिले नाव आत्याबाईंचेच आहे.