सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह: पुढे काय?



रक्तविज्ञानाचा इतिहास सांगायला घेतला की वक्ता हमखास युरोपात शिरतो. रक्त शरीरात फिरतं, हे हार्वेने १६२८ मध्ये मांडलं. लेव्हेनहुकने १६७४ मध्ये भिंगाखालच्या तांबड्या पेशींचं वर्णन केलं, लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट ओळखले. नावं आदराचीच, पण नागपुरात भरलेल्या परिषदेने तिथेच घुटमळू नये.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांपुढे असे लोक आले, ज्यांचं रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ दिसे. पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांच्याशी जुळेना. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा पेशीवर ज्या ‘एच’ पायावर उभ्या राहतात, तो पायाच त्यांच्याकडे नव्हता. उलट त्यांच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडं होती. या गटाला जगभर ‘बॉम्बे’ म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्तपेढीच्या कागदावर मात्र जुनंच टिकलं.

विदर्भाची सिकलसेलची गोष्ट याहून जवळची आणि जास्त दुखरी. शिकागोत १९१० मध्ये हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी नोंदवल्या. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवलं. पुढे इन्ग्रॅम यांनी तो नेमका पकडला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा अदलाबदलीने प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात, पेशी ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. रात्री पोर हाडं दुखतात म्हणून विव्हळतं, त्यामागे हे सगळं असतं.

नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. पुढे भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, हे दिसून आलं आणि ‘इथला आजार सौम्य’ असा समज रूढ झाला. विदर्भातल्या बालरोग वॉर्डांत वावरलेल्यांना तो पटणं कठीण. २०१२ मध्ये डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या मुलांवर हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या कमी, ठरावीक मात्रेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासाच्या नावातच ‘तीव्र’ शब्द आहे, हे पुरेसं बोलकं.

आता प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सोल्युबिलिटी चाचणीच्या टेबलाकडे. परीक्षानळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब पडतो, नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात हरवल्या तर पॉझिटिव्ह. चाचणी स्वस्त, झटपट आणि शिबिराला सोयीची. पण नळी वाहकाचीही गढूळ होते आणि रुग्णाचीही! ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (रुग्ण) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच सांगतं. तो दुसरा अहवाल येईपर्यंत गावात मात्र ‘पोरीला सिकल आहे’ एवढंच पोचलेलं असतं, आणि सोयरीक मोडायला एवढं पुरतं. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा घोळ गणिताचा. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ मूल होण्याची शक्यता चारात एक. ‘एक झालं, आता पुढची तिघं ठणठणीत’, असा हिशेब लोक मांडतात. चूक त्यांची नाही. ‘प्रत्येक’ या शब्दावर जोर देऊन सांगायला समोरच्याकडे वेळ नसतो.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, लक्ष्य २०४७. तपासण्यांचे आकडे वाढतील, वाढावेतच. पण सल्ल्याविना हातात ठेवलेला अर्धा अहवाल न तपासण्याइतकाच घातक ठरू शकतो. म्हणून या परिषदेने दोनच ठराव करावेत. पॉझिटिव्ह चिठ्ठीवर ‘अंतिम निदान बाकी’ हे ठळक मराठीत छापावं. आणि अंतिम अहवाल समुपदेशकाने घरच्यांना बसवून, जमेल तिथे गोंडीतही समजावूनच द्यावा. मसुदा तयार आहे. दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीपूर्वी व्यासपीठाकडे द्याव्यात.