आभासी चलनाचा माग : एका वहीतून दुसऱ्या वहीत

(पुसद येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आभासी चलनाचा विषय कापूस-सोयाबीनच्या या तालुक्यात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'गेनबिटकॉइन' प्रकरणी देशात ६० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत पुणे व कोल्हापूर होते, तसेच आपल्या शेजारचे नांदेडही होते. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत बिटकॉइन गुंतविणाऱ्यास १८ महिने दरमहा १० टक्के परतावा मिळेल, असे आमिष दाखविण्यात आले होते. या व्यवहाराला महानगराची वेस नाही. हातातील दूरध्वनी पुरतो.

असा पैसा एकदा गेला की तो हवेत विरून जातो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती बरीचशी चुकीची आहे, आणि या चुकीच्या समजुतीमुळेच तक्रारी उशिरा येतात.

ब्लॉकचेन म्हणजे नोंदवही. आपल्या परिचयाची उपमा द्यायची तर तलाठी दप्तरातील फेरफार. कोणाकडून कोणाकडे, किती व केव्हा, याची नोंद क्रमाने होते आणि मागील नोंद खोडता येत नाही. फरक दोनच. एक, बहुतेक ब्लॉकचेनची वही जगातील कोणासही पाहता येते. दुसरा, तीत खातेदाराचे नाव नसते. अक्षरे व अंक यांची एक लांबलचक ओळ असते, तिला पत्ता म्हणतात.

पैसा एकाच वहीत फिरत असेल तोवर त्याच्यामागे जाणे कष्टाचे असले तरी सरळ असते. परंतु वह्या अनेक आहेत. बिटकॉइनची निराळी, इथेरियमची निराळी, सोलाना व ट्रॉन यांच्या निराळ्या. एका वहीतील नाणे दुसऱ्या वहीत जसेच्या तसे नेता येत नाही. त्यासाठी मध्ये जी व्यवस्था उभी राहिली तिला 'ब्रिज', म्हणजे पूल, असे नाव पडले आहे. नाव मात्र दिशाभूल करणारे आहे, कारण या पुलावरून काहीच पलीकडे जात नाही.

पुसदच्या गोदामात आपण कापसाच्या काही गाठी जमा केल्या आणि पावती घेतली. ती पावती दाखवून दूरच्या गावातील गोदामातून तेवढ्याच गाठी उचलल्या. आपल्या गाठी येथेच राहिल्या. तेथून निघाल्या त्या दुसऱ्याच. पुसदची वही पाहणारा म्हणेल, माल येथेच आहे. तेथील वही पाहणारा म्हणेल, हा माल आला कोठून? दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोन्ही वह्या शेजारी ठेवून जमेची नोंद आणि उचलीची नोंद यांची जोडी जुळविणे, हेच तपासाचे काम.

जोडी जुळते कशावरून? रकमेवरून: जमा रकमेतून पुलाचे शुल्क वजा केले की पलीकडची रक्कम येते. वेळेवरून: दोन नोंदींत बहुधा काही सेकंदांचे वा मिनिटांचे अंतर असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पलीकडे पैसे कोणास द्यायचे हे पुलाला ठाऊक असावेच लागते. त्यामुळे अनेक पुलांच्या जमेच्या नोंदीतच पलीकडची वही व तेथील पत्ता लिहिलेला सापडतो. जेथे तो नसतो, तेथे रक्कम व वेळ यांवरून अनुमान करावे लागते. अनुमानास अनुमानच म्हणावे, पुरावा म्हणू नये. तपास अहवालात हा भेद स्पष्ट न ठेवल्यास न्यायालयात सगळाच अहवाल दुबळा होतो.

जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय विनिमय केंद्राच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर चोरीस गेले. ग्राहकांच्या ठेवी सुरक्षित असून तूट आपण सोसू, असे कंपनीने जाहीर केले. चोरलेल्या रकमेचा काही भाग सोलानाच्या वहीतून पुलाद्वारे इथेरियमच्या वहीत नेण्यात आला होता. हे स्थलांतर उघड्या नोंदींवरून बाहेरच्या अभ्यासकांनाही दिसले.

याउलट जुलै २०२४ मधील वझीरएक्सच्या चोरीतील, २३ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या, चलनापैकी बराच भाग इथेरियमच्याच वहीत 'टॉर्नेडो कॅश' नावाच्या मिश्रणयंत्रणेत घालण्यात आला. अनेकांचे पैसे एकत्र करून परत देणारी ही यंत्रणा. हद्द ओलांडल्याने माग पुसत नाही, मिसळल्याने पुसतो. १९४८ पर्यंत पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड व पलीकडे निजामाचे राज्य होते. नदी उतरणाऱ्यास अंमल बदललेला आढळे, पण पावले दोन्ही काठांवर उमटत.

### वेळेचे मोल

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईस्थित बायबिटमधून सुमारे १५० कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने उत्तर कोरियाला जबाबदार धरले. चोरांनी इथेरियमवरील बहुतांश चलन बिटकॉइनमध्ये रूपांतरित केले. कंपनीच्या प्रमुखांनी मार्चच्या प्रारंभी सांगितले, की ७७ टक्के रकमेचा माग लागतो आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आत आले होते. गोठविता आलेली रक्कम तर ४ टक्क्यांहूनही कमी. माग लागणे निराळे आणि पैसा हाती लागणे निराळे, हे येथे ध्यानी घ्यावे.

पैसा हाती लागतो तो जेथे नाव असते तेथे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने भारतातील अशा विनिमय केंद्रांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला. ग्राहकाची ओळख ठेवणे व संशयास्पद व्यवहार कळविणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. डॉलरशी निगडित काही नाण्यांचे प्रवर्तकही एखादा पत्ता गोठवू शकतात. मात्र पैसा तेथून पुढे सरकण्यापूर्वी त्यांना कळले पाहिजे.

जप्तीबाबत अधिकारीवर्गाने एक दक्षता घ्यावी. याच गेनबिटकॉइन प्रकरणाच्या तपासात साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांना, आरोपींचे चलन स्वतःकडे वळविल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली. म्हणून कोणत्या पत्त्यावरून कोणत्या शासकीय पत्त्यावर किती चलन घेतले, हे पंचनाम्यात त्याच क्षणी उतरले पाहिजे. वही उघडी असल्याने ही नोंद नंतर कोणासही पडताळता येते.

गावात कोणी फसला, तर तो बहुधा प्रथम शिक्षकाकडे किंवा सरपंचाकडे येतो. त्याला रागे भरण्यात तास घालवू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. शुल्क घेऊन पैसे परत मिळवून देतो म्हणणारा मागाहून हमखास भेटतो; त्याला दारातूनच वाटेला लावावे. पोलीस ठाण्यात अर्ज मराठीतून देता येतो. त्यात ॲपच्या नावाबरोबरच कोणती वही, कोणता पत्ता, व्यवहाराचा क्रमांक, तारीख व वेळ हे लिहावे. पत्ता व व्यवहार क्रमांक मात्र रोमन अक्षरांत, दिसतात तसेच उतरवावेत आणि शक्यतो हाताने न लिहिता यंत्रावरूनच नक्कल करून छापावेत; कारण बऱ्याच पत्त्यांत लहान व मोठे अक्षर निरनिराळे मानले जाते.