चाकांवरच्या घरातला गारवा

अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून नेण्याचं एक छोटं घर असतं. ओटा, पलंग, न्हाणीघर आणि छतावर एसी. त्याला म्हणतात ट्रॅव्हल ट्रेलर. माझी सगळी नोकरी विजेच्या कामात गेली, त्यामुळे टेक्सासला मुलीच्या दारात असा ट्रेलर पाहिला तेव्हा मी आधी पाहिली ती त्याची वायर.

तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्या जवळजवळ निम्मी. म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, आणि वायर तापते ती करंटमुळे. अशा ट्रेलरची जोडणी बहुधा ३० अँपिअरची असते. छतावरचा साडेतेरा हजार बीटीयूचा एसी चालताना त्यातले १२ ते १६ अँपिअर घेतो. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. सोबत मायक्रोव्हेव आणि गीझर लावला की ब्रेकर पडतो. पडू द्यावा, तो त्याचसाठी आहे.

खरी भीती ब्रेकर न पडण्याची. निघण्याआधी ट्रेलर गार करावा म्हणून जावईबापूंनी गॅरेजमधली नारिंगी, बारीक एक्स्टेंशन वायर काढली. म्हणाले, "बाबा, अडॅप्टर आहे की!" मी म्हटलं, अडॅप्टरनं पिना जुळतात, वायर काही जाड होत नाही. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज गळतं. ते १०५ च्या खाली गेलं की कॉम्प्रेसर घुमतो, तापतो, जळतो. प्लगही तापून वितळतो आणि ब्रेकर मात्र शांत! एसी चालवायचाच तर २० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट हवं आणि १० नंबरची जाड, आखूड वायर. तिकडे नंबर जितका लहान तितकी वायर जाड. तीही पूर्ण उलगडलेली, वेटोळं करून ठेवलेली नको.

घरी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तीन पिनांचं, ३० अँपिअरचं म्हटल्यावर काही वायरमन ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचं समजून २४० व्होल्ट जोडतात. ट्रेलरमधली उपकरणं क्षणात जातात. प्लग लावण्याआधी मीटरनं मोजावं.

रानात जनरेटर लागतो. उपकरणं जळली तर पैसे जातात. इथे जीव जातो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. जनरेटर निदान २० फूट दूर हवा, धूर ट्रेलरकडे येता कामा नये. छत्राखाली, खिडकीखाली तर नकोच. आतला अलार्म झोपण्यापूर्वी बटण दाबून तपासावा. आपला जनरेटर बंद असला तरीही, कारण शेजारच्याचा चालू असू शकतो.