पायरीवरचा आशीर्वाद

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली. पिकू द्या. कोणाला कशावर हसू येतं, यावरनं चळवळीची तब्येत कळते. त्या हसण्याकडं मी शेवटी येणार आहेच.

विषय असा : इंग्लंडच्या चर्चनं समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायचं ठरवलं. कसं ठरवलं, काय दिलं आणि काय हातचं राखून ठेवलं?

तुम्ही म्हणाल, गोऱ्यांच्या चर्चचं भांडण आमच्या वस्तीत कशाला आणतोस? इथं नळाला पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत. बरोबर आहे. पण १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोणाला म्हटलंय ते पुन्हा एकदा काढून वाचा. धर्माच्या नावावर ज्यांचं शोषण होतं, तेही त्यात धरलेत. त्या व्याख्येला इंग्लंडच्या किनाऱ्यावर थांबायला कोणी सांगितलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे, देवाच्या दारात कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं, हा हिशेब आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर लिहिलेला आहे. तो आपण वाचायचा नाही तर कोणी वाचायचा?

आधी हकिगत सांगतो.

इंग्लंडमध्ये सरकारनं २०१३ साली समलिंगी लग्नाचा कायदा केला. मार्च २०१४ पासून लग्नं लागू लागली. पण त्याच कायद्यात इंग्लंडच्या चर्चभोवती कुंपण घालून दिलं. या चर्चमध्ये असं लग्न लावायचं नाही. आणि हे काही कोपऱ्यातलं चर्च नव्हे. राजा त्याचा प्रमुख, त्याचे २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. म्हणजे देशाचा कायदा एक, आणि त्या देशाच्या सरकारी धर्माला त्यातून सूट!

मग वर्षानुवर्षं चर्चा, समित्या, पुस्तकं. जानेवारी २०२३ मध्ये बिशपांनी समलिंगी माणसांची जाहीर माफी मागितली. चर्चनं तुम्हाला जे वागवलं त्याबद्दल आम्हाला लाज वाटते, असं म्हणाले. आणि सोबत काही प्रार्थना पुढं ठेवल्या. ९ फेब्रुवारी २०२३ ला जनरल सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या पार्लमेंटमध्ये, मतदान झालं. तिथं तीन सभागृहं असतात. बिशपांत ३६ बाजूनं, ४ विरोधात. पाद्र्यांत १११ विरुद्ध ८५. सामान्य सभासदांत १०३ विरुद्ध ९२. नोव्हेंबरात वेगळ्या स्वतंत्र प्रार्थनासभेची गोष्ट निघाली, तेव्हा सामान्य सभासदांच्या सभागृहात ती एका मतानं वाचली. फक्त एका. १७ डिसेंबर २०२३ पासून चर्चमध्ये या प्रार्थना म्हणायला सुरुवात झाली.

आता खरी गंमत ऐका. दिलं काय? रविवारची नेहमीची उपासना चालू असेल, तिच्यात दोन प्रार्थना म्हणता येतील. त्या जोडप्यासाठी वेगळा समारंभ नाही. लग्नासारखं दिसेल असं काही करायचं नाही. ज्या पाद्र्याला नको वाटेल त्यानं नाही केलं तरी चालेल. चर्चच्या वकिलांनी तर कमाल केली. म्हणाले, सरकारी लग्न वेगळं आणि पवित्र विवाह वेगळा. तेव्हा आशीर्वाद त्या माणसांना आहे, त्यांच्या लग्नाला नाही. आणि फेब्रुवारीच्या ठरावातच दुरुस्ती घालून ठेवली, की या प्रार्थना चर्चच्या शिकवणीपासून ढळल्यासारख्या दिसता कामा नयेत. शिकवण काय? लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई. ती ओळ जशीच्या तशी.

दुसऱ्याच दिवशी, १८ डिसेंबरला, रोमच्या चर्चनंही पत्रक काढलं. समलिंगी जोडप्याला पाद्री आशीर्वाद देऊ शकेल. पण ठरलेला विधी नको, लग्नाचे कपडे नकोत, रजिस्टर लग्नाच्या दिवशी नको. जगभर ओरडा झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी आणखी खुलासा केला : दहा-पंधरा सेकंदांचा आशीर्वाद. च्यायला, सेकंदसुद्धा मोजून दिले!

मित्रहो, ही मोजणी आपल्याला नवी आहे का? चोखोबाची समाधी कुठं आहे ते पंढरपूरला जाऊन बघा. विठ्ठलाचा एवढा लाडका, पण जागा मिळाली ती पायरीपाशी. अभंग चालतो, भक्ती चालते, माणूस आत चालत नाही. पायरीवरनं पोटभर दर्शन घ्या. इंग्लंडच्या बिशपांनी समलिंगी माणसाला दिलाय तो पायरीवरचा आशीर्वाद आहे.

आता बाबासाहेबांकडं या. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढं फेब्रुवारी १९३३ मध्ये मंदिरप्रवेशाचं बिल आलं. गांधींना वाटलं, डॉक्टर आंबेडकर पाठिंबा देतील. बाबासाहेबांनी जे निवेदन काढलं ते प्रत्येकानं वाचलं पाहिजे. त्यांनी विचारलं, हे बिल अस्पृश्यतेला पाप मानतं का? नाही मानत. गावातल्या बहुमताला वाटलं तर दार उघडा, नाही वाटलं तर ठेवा बंद. पाप हे बहुमतानं पुण्य होतं काय? आणि पुढं विचारलं, मंदिरप्रवेश ही शेवटची पायरी की पहिली? आत घेऊन तुम्ही आम्हाला चातुर्वर्ण्याच्या तळालाच ठेवणार असाल, तर तो प्रवेश आम्हाला काय कामाचा?

हीच कसोटी या आशीर्वादाला लावा. ज्या शिकवणीनं या माणसाला पापी ठरवलं ती शिकवण रद्द झाली काय? नाही. एखाद्याचं प्रेम खरं की पाप, हे एका मतावर लटकलेलं राहिलं काय? राहिलं. ही पहिली पायरी आहे असं तरी कोणी लिहून दिलं काय? तेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच बिशपांनी जाहीर केलं की स्वतंत्र प्रार्थनासभेला सिनॉडचा पूर्ण रस्ता चालून यावं लागेल, तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतील. जे नोव्हेंबरात एका मतानं वाचलं होतं, त्याला आता दोन-तृतीयांश! दार किलकिलं करायचं आणि आतनं कडी घालायची, हा धंदा भटांनी एकट्यानं शोधलेला नाही.

ज्यांनी उभं राहून ती प्रार्थना घेतली त्यांना मी हसणार नाही. काळारामाच्या दारात लाठ्या खाणाऱ्यांनाही कोणी हसू नये. माणूस आपल्या देवाच्या दारात जातो तेव्हा त्याच्या पोटात काय तुटतं ते आपल्याला ठाऊक आहे. माझा सवाल देणाऱ्याला आहे.

देणारा किती कोता असतो त्याचा एक नमुना. डेस्मंड टुटू तुम्हाला माहीत आहेत. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या उरावर बसलेला काळा आर्चबिशप. ते जाहीर म्हणाले होते की समलिंगी माणसांचा द्वेष करणाऱ्या स्वर्गात मला पाठवाल तर मी यायचा नाही. त्यांची मुलगी म्फो टुटू ही स्वतः पाद्री. तिनं एका डच बाईशी लग्न केलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चनं तिच्याकडनं पाद्रीपणाचा परवाना काढून घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे धर्मपिता वारले. त्यांची इच्छा होती, अंत्यविधी म्फोनं करावा. चर्चनं परवानगी नाकारली. का? तर तिनं बाईशी लग्न केलंय. मग काय केलं त्या लोकांनी? शेजारी पाद्र्याच्या घराच्या आवारात मांडव घातला आणि तिथं तिनं विधी केला. आतलं चर्च रिकामं आणि मेलेला माणूस मांडवात! दलित ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तामिळनाडूत मेलेल्या ख्रिस्ती माणसांतही जातीची भिंत घातलेली दफनभूमी त्यानं बघितलेली आहे.

चर्चवाले म्हणतात, शिकवण बदलत नसते, देवाचा शब्द आहे. खोटं आहे. याच चर्चची परदेशात धर्मप्रसार करणारी संस्था अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर उसाच्या मळ्यांची मालक होती. तिथल्या काळ्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडानं 'सोसायटी' हे नाव डागायचे. सोसायटी म्हणजे ती संस्था. हीच संस्था पुढं आपल्या नगर जिल्ह्यात महारवाड्यांत येशू घेऊन आली. तेव्हाही बायबल तेच होतं. गुलामी देवाला मान्य आहे असं त्यातनं काढून दाखवणारे विद्वान होते. आज? जानेवारी २०२३ मध्ये, माफीच्याच महिन्यात, चर्चनं गुलामीच्या पैशाशी आपला संबंध कबूल करून १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. बाईला पाद्री होता येत नव्हतं, १९९४ मध्ये झाली. बिशप होता येत नव्हतं, २०१५ मध्ये झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी पहिल्यांदा बाईचं नाव जाहीर झालं, सारा मुलाली. घटस्फोटिताचं दुसरं लग्न चर्चमध्ये लागत नव्हतं, २००२ पासून लागतं. म्हणजे शब्द हलतो. ज्यांच्या हातात तो हलवायची ताकद आहे त्यांच्या सोयीनं हलतो. आणि त्याच बेटावर ब्रिटनच्या मेथडिस्टांनी २०२१ मध्ये सरळ समलिंगी लग्नाला मान्यता दिली. आभाळ कोसळलं नाही.

आता आफ्रिकेचं बोलतो, कारण इथं आपली गडबड होते. फेब्रुवारी २०२३ च्या मतदानानंतर आफ्रिका-आशियातल्या काही आर्चबिशपांनी जाहीर केलं की कँटरबरीच्या आर्चबिशपला आम्ही आता पुढारी मानत नाही. आपल्यातल्या काहींना ऐकून बरं वाटेल. गोऱ्याला काळ्यानं ऐकवलं! त्या रागात खरेपणा आहेच. ज्यानं गुलाम केलं त्यानंच आता नीती शिकवायची, हे कोण सोसेल? पण नीट बघा. १८६० साली इंग्रजांनी हिंदुस्थानच्या दंडसंहितेत कलम ३७७ घातलं. तसलीच कलमं त्यांनी आफ्रिकेतल्या वसाहतींत नेऊन पेरली. युगांडानं मे २०२३ मध्ये जो कायदा केला, ज्यात काही गुन्ह्यांना फाशीसुद्धा आहे, तो त्याच कलमाच्या बुंध्याला फुटलेला फाटा आहे. आणि तिथल्या अँग्लिकन आर्चबिशपनं त्याचं स्वागत केलं. साहेबाची काठी साहेबानं टाकली आणि आम्ही ती आपली संस्कृती म्हणून उचलून घेतली. आपल्याकडंही हे झालंच. ३७७ ला भारतीय संस्कृती म्हणणारे कमी होते काय?

त्या कलमाचे दात पाडायला कोण कामाला आलं? बाबासाहेब! २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं पहिला निकाल दिला तेव्हा घटना समितीत बाबासाहेबांनी मांडलेली संविधानिक नीतिमत्ता हाताशी घेतली. लोकांना काय आवडतं ते नव्हे, संविधान काय सांगतं ते चालेल. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. पुढं १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र नाकारला. पार्लमेंटकडं जा म्हणाले. म्हणजे पायरी इथंही आहे.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. र. धों. कर्वे, 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं द्यायचे. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. अश्लील म्हणून खटला भरला. १९३४ मध्ये मुंबईत कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. जन्मानं बामण असलेल्या माणसाचं, ज्या विषयाचं नाव काढायला पांढरपेशे घाबरत होते त्या विषयावर! खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब उभे कुठं होते, हे नोंदलं गेलं.

आता त्या खसखशीकडं येतो.

आपल्या सभेत विरोधकाला काय म्हणतो आपण? 'बांगड्या भरा!' वस्तीत एखादा पोरगा जरा नाजूक चालला तर काय म्हणतो? बायल्या, छक्का. त्याच्या तोंडावर. तो मग सभेला येत नाही, शिबिराला येत नाही, एक दिवस वस्तीच सोडून जातो. जातीचं ओझं त्याच्या पाठीवर आहेच, वरनं हे आपण ठेवलं. मग आपल्यात आणि नाशिकच्या पुजाऱ्यात फरक काय राहिला?

उद्या आपल्या विहारात दोन पोरी येतील. म्हणतील, आम्हाला एकत्र राहायचंय, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून सांगायचंय. काय करणार? समिती नेमणार? कोपऱ्यात घेऊन पंधरा सेकंद पंचशील म्हणून घरी पाठवणार? जोतीबांनी १८७३ मध्ये लग्नातनं भट हाकलला तो मधला दलालच नको म्हणून. आपल्या लग्नात होम नाही, कन्यादान नाही. दोन माणसं चारचौघांत एकमेकांना शब्द देतात, बस्स. आपल्याकडं बदलायला एवढी कुठली शिकवण अडकून पडलीय? अडकलंय ते आपल्या डोक्यात.

तेव्हा शिबिरापुढं माझं म्हणणं तीन ओळींचं आहे, ठरावात घ्या. एक, चळवळीच्या व्यासपीठावरनं बांगड्या, बायल्या, छक्का हे शब्द शिवी म्हणून कोणी वापरले तर माईक काढून घ्यायचा. दोन, समलिंगी माणूस चळवळीत येईल तो सभासद म्हणून, कार्यकर्ता म्हणून, पुढारी म्हणून, कोणाच्या मेहेरबानीनं नव्हे. तीन, आपल्या विहारातला जो विधी इतरांना तोच त्यांना, अख्खा, उजेडात आणि मधोमध.

इंग्लंडचे बिशप मतं मोजत बसले आहेत. आपल्याला हात वर करायचा आहे तो आत्ता, याच मांडवात. ज्याला विरोध करायचा असेल त्यानं हसू नये, उठून कारण सांगावं.

जयभीम!