मिटलेलं फूल तहानलेलं नसतं



निगडीपासून चाकणपर्यंत, गॅलरीत ऊन येत असेल तर ऑफिस टाइम या फुलझाडाची एखादी कुंडी हमखास दिसते. कुणी चिनी गुलाब म्हणतं. ऐन उन्हाळ्यात फुलणारं हे झाड, आणि ऐन उन्हाळ्यातच कुजतं. का, ते सांगते.

कारखान्यातला पहिल्या पाळीचा माणूस सकाळी सहाला निघतो, तेव्हा फूल उमललेलं नसतं. चारला परततो, तेव्हा मिटलेलं असतं. उन्हानं सुकलं बिचारं, असं वाटून तो तांब्याभर पाणी ओततो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग झाड बुडाशी मऊ पडतं, काळं होतं आणि फांदी हातात येते.

अहो, ते तहानेनं मिटलेलं नसतं, त्याची पाळी संपलेली असते! ऊन चढलं की उमलायचं, दुपार कलली की मिटायचं. उद्या दुसरी कळी कामावर. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आडवा होतो, तेव्हा आपण पडदे ओढतो, पोरांना गप्प करतो. उपाशी असेल म्हणून हलवून उठवत नाही. जाग आली की तोच ताट मागतो. या झाडाचंही तसंच. शिवाय त्याचा डबा त्याच्याजवळच असतो: ती जाड, सुईसारखी पानं पाण्यानं भरलेली असतात. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, नात्यानं आपल्या घोळीच्या भाजीची बहीण. पानं सुरकुतली, म्हणजे त्यानं ताट मागितलं. तेव्हा द्या.

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झालं. साठवलेलं पाणी झाड कुजवण्यात घालवायचं का?

पसरट कुंडी घ्या, भोक मोकळं ठेवा, निम्मा मुरूम किंवा जाड वाळू घाला. बोटभर फांदी खोचली की जगते. सावलीत मात्र नको.

कारखान्याची गुरुवारची सुट्टी असेल, तर दहाला गॅलरीत या. उमललेल्या फुलातल्या पिवळ्या केसरांना हलकेच बोट लावा, ते हलतात.

पुन्हा सांगते, मिटलेलं फूल तहानलेलं नसतं. आज संध्याकाळी आधी मातीत बोट घाला. ओल लागली, तर तांब्या खाली ठेवा.